तारेनं आवळलेली हाडं

हे लिहायचं मी चाळीस वर्षं टाळत आलो. कारणं सापडत गेली... कधी बदली, कधी मुलीचं लग्न, कधी डोळ्यांचं ऑपरेशन. गेल्या महिन्यात सगुणाबाई सुईण वारली. वडशाच्या बाजारात तिच्या गावचा एक माणूस भेटला, त्यानं ही बातमी दिली आणि गावच्या शाळेत शोकसभा ठेवली आहे, या म्हणाला. गेलो. तिथं मला पुढच्या खुर्चीवर बसवून सरपंच म्हणाले, "आपल्या सुईणबाईले शिकवणारे गुरुजी आज इथी हायेत." मी उठलो, चार गोड वाक्यं बोललो आणि बसलो. त्या वाक्यांची मला किळस आली. म्हणून आता हे लिहितो आहे.

पन्नासच्या दशकात मी धानोऱ्याच्या पलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. वर्ध्याकडचा, बाविशीचा आणि स्वतःच्या मते फार शहाणा. डॉक्टर महिन्यातून दोनदा येत, त्यामुळे सुईणींचा वर्ग माझ्यावर पडला. शिकवायला बाईच्या कंबरेचा खरा सांगाडा होता. दोन्ही बाजूंना पसरट हाडं, पुढे त्यांचा सांधा, मागे तिकोनी हाड आणि त्याच्या टोकाला माकडहाड. सगळं पितळी तारेनं गच्च आवळलेलं. कापडी बाहुलीचं डोकं त्यातून सरकवत मी सांगायचो की वाट एवढीच, ती वाढत नाही. म्हणून बाईला खाटेवर उताणं निजवायचं आणि हलू द्यायचं नाही. तिकडच्या बाया आढ्याला टांगलेलं जुनं लुगडं धरून, गुडघ्यांवर बसून बाळंत होत. याला मी रानटीपणा म्हणायचो, आणि तेही त्यांच्या तोंडावर.

सगुणाबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, तरी मी तिला अगं-तुगं करायचो. तिनं एकदा तो सांगाडा माझ्या हातून घेतला आणि माकडहाड हलवून पाहिलं. ते हललं नाही.

"भाऊ, हे मेलेल्या बाईचं हाय," ती म्हणाली. "अन् तारेनं बांधलं हाय. जित्त्या बाईले कोनं तार बांधली?"

"हाडं ती हाडं. कवाड आहे का उघडायला?"

"कवाडच हाय. नवव्या महिन्यात त्याची कडी ढिली होते. उताणी निजवली का बाई आपल्याच कवाडावर बसते, मंग पोरगं निघन कुठून?"

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसणं मी मनात ठेवलं.

त्याच वर्षी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्याचं कळताच मी कोतवालाला घेऊन पोहोचलो आणि जिथं पुरुषानं पाऊल टाकू नये त्या खोलीत शिरलो. पोर गुडघ्यांवर होती, बाळाचं डोकं दिसू लागलं होतं. मी आढ्याला टांगलेलं लुगडं सोडलं आणि तिला खाटेवर निजवायला लावलं.

"भाऊ, थोडा दम धरा. येतेच हाय आता," सगुणाबाई म्हणाली.

मी म्हणालो, "ऐकलं नाहीस तर सरकारी पेटी जाईल आणि वर खटला होईल." बाळंतपणाच्या सामानाची ती पेटी शिकलेल्या सुईणीला मिळे. पण सगुणाबाई पेटीला नाही, खटल्याला भ्याली. दुपार उलटली. डोकं होतं तिथंच राहिलं. शेवटी तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं, लेकीला उठवून छातीशी टेकवून बसवलं, आणि थोड्याच वेळात बाळ आलं. मुलगा होता. रडला नाही.

अहवाल मी लिहिला: सुईणीने सूचना न पाळल्याने बाळ दगावले. पेटी काढून घेतली. तिला कुणी बोलावू नये म्हणून आसपासच्या गावांत दवंडीही पिटवली. आज तिची स्तुती करणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा तिला पाहून वाट बदलायचे.

दहा-बारा वर्षांनी नागपूरला एका प्रशिक्षणात डॉक्टरीणबाईंनी सहज सांगितलं की दिवस भरले की हे सांधे सैल होतात, माकडहाड मागे सरतं, बाई उकिडवी बसली तर खालची वाट रुंदावते आणि उताणी निजली की ते हाडच दाबलं जातं. मी वही मिटली.

त्यानंतर एकदा तिच्या गावी गेलो. ती अंगणात मोहफुलं निवडत होती. बसा म्हणाली नाही.

"काऊन आले, भाऊ? खाट सोबत आणली का?"

दारात तिची लेक उभी होती, ती आत निघून गेली. मी म्हणालो, देवीच्या लसीची पाहणी करतो आहे.

"मंग पाहा अन् जा."

तिनं मला माफ केलं असतं असं मी म्हणत नाही. करायला नकोच होतं.

दवाखान्यानं भंगारात काढलेला तो सांगाडा माझ्याच ट्रंकेत आहे. सभेहून आलो आणि पकडीनं त्याची तार तोडली. हाडं सुटी होऊन मांडीवर आली. माकडहाड तेवढं हातात धरून बसलो आणि पाहणीच्या त्या दिवशी तिच्या गावी जाताना बसमध्ये पाठ केलेलं, तिच्या अंगणात गिळून टाकलेलं, मोठ्यानं म्हटलं... "सगुणाबाई, तुमची लेक बरोबर बसली होती. तिला मी निजवलं. तुमचा नातू माझ्या हातून गेला."