शेपटीवरचा सारस

“अगो, ह्या अंगाचं पाखरू मागं चाललंय बघ.”

पार्टिशनपलीकडून मावशींचा आवाज आला. माझ्या कानात हेडफोन होते, पण त्यात काही वाजत नव्हतं. कोणी उगाच बोलायला येऊ नये म्हणून मी ते घालते.

“विमान रिव्हर्स घेत असेल,” त्यांच्या शेजारी बसणारी वहिनी म्हणाली आणि दोघी हसल्या.

“हस तू. आमच्या होडीला पुढं दोन्ही अंगाला मासा काढलाय. दोन्ही मासे पुढंच बघतात. मागं बघनारा मासा कोन काढंल?” मग मावशींचा आवाज खाली आला. “पन पोरीनं कॉम्प्युटरवर केलंय. तिला कळतंय ते.”

ती पोरगी म्हणजे मी.

वसईजवळ सातिवलीतल्या आमच्या गाळ्यात विमानांची छोटी मॉडेल्स बनतात, ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावर दिसतात तशी. शेपटीवरची चित्रं मी तयार करून छापते आणि मावशी ती चिमट्याने उचलून चिकटवतात. त्यांनी चिकटवलेल्या चित्राखाली हवेचा एक बुडबुडा सापडत नाही, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. विमान कंपन्यांची नावं मात्र त्या लक्षात ठेवत नाहीत. उंटवालं, चंद्रवालं, फुलवालं, एवढ्यावर त्यांचं भागतं.

एकदा त्यांनी मला विचारलं होतं, “एवढा मोठा देश, नि शेपटीवर एकच चित्र. ते ठरवतं कोन?” तेव्हापासून नवीन शेपटी आली की मी त्या देशाबद्दल वाचते आणि चहाच्या वेळी त्यांना सांगते. माझं गाळ्यातलं बोलणं बहुतेक तेवढंच. मावशींचं म्हणणं असं, की ज्याच्या दारात जे असतं तेच तो शेपटीवर काढतो.

“मग वसईचं विमान निघालं तर?” मी एकदा धीर करून विचारलं.

“केळ्याचा घड,” वहिनी म्हणाली.

“पापलेट,” मावशी म्हणाल्या. त्या वादात चहा थंड झाला होता.

मागं चाललेल्या पाखराचं ऐकून त्या दिवशी मी हेडफोन काढले आणि फाइल उघडली. शेपटीच्या दोन्ही बाजूंना सारस हवा होता. अक्षरं कधी आरशातल्यासारखी उलटी करायची नाहीत हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की मी सारसही उलटा केला नव्हता. एकच चित्र ‘डावी’ आणि ‘उजवी’ लिहिलेल्या दोन्ही पाकिटांत भरलं होतं. डाव्या बाजूचा सारस विमानाच्या नाकाकडे निघाला होता आणि उजव्या बाजूचा मागे वळला होता. होडी रंगवणाऱ्या कोणीही ही चूक केली नसती.

निम्मी ऑर्डर चिकटवून झाली होती. शेठना कसं सांगायचं, ते वाक्य मी मनात जुळवत बसले. ते जुळायच्या आत शेठच आले. त्यांनी एक विमान उचललं, फिरवून पाहिलं.

“मावशी, हे काय? डाव्या-उजव्या पाकिटांची सरमिसळ केलीत?”

“मी पाकिटावर लिवलंय तसंच लावलंय.”

“चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. उद्यापासून तुम्ही पॅकिंगला बसा. चिकटवायचं काम वहिनी करतील.”

वहिनीने मान खाली घातली. मावशींनी चिमटा पुसला आणि डबीत ठेवला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मी कदाचित पुन्हा स्क्रीनमागे लपले असते.

मी पार्टिशनच्या बाहेर आले. जुळवलेलं वाक्य डोक्यातून गेलं होतं.

“शेठ, मावशींनी बरोबर लावलंय. दोन्ही पाकिटांत एकच सारस आहे, तो मी छापलाय. त्यांना चूक दिसली होती, मला दिसली नाही. त्यांना टेबलावरून उठवू नका.”