चौरंगावरचा फोन

ओल्या कुंकवाचा वास आला की मला अजून घाम फुटतो. मदन महल भागातल्या आमच्या घरी लक्ष्मीपूजन होतं. आईच्या निवृत्तीचे पैसे मी तिला न सांगता एका शेअरमध्ये घातले होते. टिप देणाऱ्याने त्याला ‘मल्टीबॅगर’, म्हणजे पैसे कित्येक पट करणारा, म्हटलं होतं. तो शेअर रोज लोअर सर्किटला लागायचा, म्हणजे विकणारे सगळे आणि घेणारा कोणीच नाही. दिवाळीला मुहूर्ताच्या सौद्यांसाठी बाजार तासभर उघडतो, त्या तासात अखेर एक गिऱ्हाईक दिसलं. मी विक्रीचं बटण दाबणार, तोच आईने फोन काढून घेतला. “अच्छा, आजकाल लक्ष्मी यातच राहते ना?” म्हणत तिने तो चौरंगावर ठेवला आणि स्क्रीनला ओलं कुंकू लावलं. बाबांनी आरती सुरू केली. एक संपली की दुसरी. मी हात जोडून घड्याळाकडे बघत होतो. “काहून थरथरून राहिला रे?” आईने हळूच विचारलं. मंत्रपुष्पांजली झाली तेव्हा बाजार बंद झाला होता. “त्या दिवशी पोराचे डोळे भक्तीने भरून आले होते,” असं ती अजून पाहुण्यांना सांगते. पैशांचं तिने विचारलंच, तर ते ‘लाँग टर्म’मध्ये आहेत म्हणायचं, एवढं मी पाठ करून ठेवलंय.