पाय न लावता शिकवलेलं विमान

आठवीत शाळा सुटली. कोकणातून निघालो तो फिरत फिरत वाशीमला, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टिकलो. ज्यांच्या घरी वरची खोली मिळाली ते काका एसटीचे ड्रायव्हर, शिरपूरच्या गाडीवर. मला टायफॉइड झाला तेव्हा काकूंनी तीन आठवडे मऊ भात वर आणून दिला. हे मी कसं विसरू?

त्यांच्या मुलीला पायलट व्हायचं होतं. आपल्यालाही काही करता येईल, असं मला वाटलं. जुने भाग जोडून कॉम्प्युटर उभा केला, त्यात विमान उडवायचा गेम टाकला आणि कुणा हौशी माणसानं बनवून फुकट ठेवलेलं दोन सीटचं शिकाऊ विमान त्यात बसवलं. कॉकपिट अगदी फोटोसारखं. निम्मी बटणं नुसती चित्रं, इंजिन कितीही ताणलं तरी तापायचं नाही. हे मी तिला सांगितलं. एक मात्र सांगितलं नाही. पायानं दाबायची पेडलं आमच्याकडे नव्हती. त्यांच्याशिवाय विमान धावपट्टी सोडून गवतात शिरायचं आणि ती हिरमुसायची. म्हणून मी सेटिंगमध्ये गुपचूप एक खूण केली. पायांचं काम कॉम्प्युटरच करू लागला.

काका एकदा मागे उभे राहून बघत होते. "याले क्लच नाही, काही नाही. मंग पायलटचे पाय काय करतात?"

"बाबा, हा काय तुमचा लाल डबा आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो.

यंदा तिला परराज्यात विमान शिकायला प्रवेश मिळाला. महिनाभरानं फोन आला.

"दादा, सर रोज ओरडून राह्यले. पाय झोपले काय तुझे, म्हणतात. जमिनीवर विमान पायानं वळवाचं असते, अन् माह्ये हातच फिरतात. सोबतचे सारे एकटे उडून आले. या आठवड्यात नाही जमलं तर मले घरी पाठवतीन."

मग मी त्या खुणेचं सांगितलं.

"तवाच काहून नाही सांगतलं?"

"तू खूश होतीस गं."

"खूश होती, म्हणून?" मग हळूच म्हणाली, "बाबाले सांगू नका. ते साऱ्याइले सांगत फिरतात, पोरगी दादानं तयार केली म्हणून."

दुसऱ्याच दिवशी काका आपल्या कंडक्टरला घेऊन दुकानात आले. "हाच तो," ते म्हणाले. कंडक्टरनं माझा हात धरला. "माह्या भाचीलेही शिकवा ना भाऊ."

"नाही जमणार," मी म्हणालो.

कंडक्टर कसनुसा हसला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. काका काउंटरवर वाकले.

"काहून रे? मी शबूद देला होता त्याले."

सांगू नका, असं तिनं बजावलं होतं. मी समोरचा उघडा कॉम्प्युटर पुसायला घेतला. काका चपला घालून निघून गेले.