दोऱ्याने कापलेलं अंडं

भाची इंग्रजीचा अभ्यास करता करता थांबली. "मामा, अपोर्शन म्हणजे नुसते भाग करणंच ना?"

"नाही गं. कुणाच्या वाट्याला किती, हे ठरवून देणं. सरकारी कागदात शोभेल असा भारदस्त शब्द आहे."

सांगितलं खरं, पण डोळ्यांपुढे आला तो आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा. रविवारी आमच्याकडे अंडी उकडायची. भावंडं चार, अंडी दोन. सुरीने बलक चुरतो म्हणून बाबा दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचे, अंड्याला वेढा द्यायचे आणि दुसरं टोक हलकेच ओढायचे. दोन्ही अर्धी इतकी सारखी पडायची की भांडायला जागाच नसायची. तरी धाकटी कुरकुरायचीच, "दादाचं मोठंय!"

आता घरात प्रत्येकाला अख्खं अंडं मिळतं, आणि ते कुणी धड चवीने खातही नाही.

भाची पुढच्या शब्दाकडे वळली. वाटणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते तिने विचारलं नाही. बाबा दोऱ्याला लागलेला बलक ओठांनी निपटून घ्यायचे आणि म्हणायचे, "चला, माझंही झालं."