काचेबाहेरचे साडू

शेवगाव तालुक्यात आजारी पडून शांतपणे एकटं राहण्याचं सुख आमच्या साडूंनी आजवर कुणालाही लाभू दिलेलं नाही. कोण कुठे ॲडमिट आहे हे त्यांना नातेवाइकांच्या आधी कळतं. मग त्यांचं बी-बियाणांचं दुकान बंद होतं, जीप भरते आणि शहाळ्यांसकट वरात दवाखान्यात पोचते. साडू थेट कॉटवर बसतात आणि त्याच आजाराने गेलेल्यांच्या आठवणी सांगून पेशंटला धीर देतात. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी आणलेल्या मंडळींपैकी एकाने माझ्याच उशाशी टेकून, माझंच सफरचंद खात, "पेशंट कोन हाय?" अशी माझ्याकडेच चौकशी केली होती.

गेल्या वर्षी माझ्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, अस्थिमज्जेचा कॅन्सर निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं: आधी तिच्याच रक्तातल्या स्टेम सेल काढून गोठवून ठेवायच्या, मग औषधाचा जबर डोस द्यायचा, आणि त्यात मज्जा रिकामी झाली की त्याच सेल परत शिरेतून सोडायच्या. त्या रुजेपर्यंत साधी सर्दीही जिवावर बेतू शकते, म्हणून खोलीत सोबतीला एकच माणूस. साडूंनी हे फोनवरून साऱ्या गावाला दुकानाच्या भाषेत सांगितलं: "बी काढून ठिवलंय. रान पार जाळायचं, मंग पेरायचं. उगवंस्तोवर बांधावरबी कुनी यायचं न्हाई."

आणि हाच माणूस तिच्या सोबतीला राहून पहारेकरी झाला. गावाहून आलेली जीप त्यांनी फाटकातूनच परतवून लावली. एक पुढारी फोटोग्राफरसह आले. साडूंनी पुष्पगुच्छ, फोटोग्राफर आणि पुढारी याच क्रमाने लिफ्टमध्ये भरले. मला तर नुसतं खोलीच्या दाराच्या काचेबाहेर उभं राहायला हात धुवावे लागले.

सेल परत सोडल्या आणि थोड्याच दिवसांत साडूंना शिंक आली. एकच. कुणी काही म्हणायच्या आत ते स्वतःच बाहेर आले, माझ्या बायकोला आत पाठवलं आणि मास्क लावून दाराच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसले. रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला की ते विचारत, "उगवलं का?" रोज सिस्टर मान हलवून नाही म्हणत.

एका सकाळी सिस्टर हसल्या. पांढऱ्या पेशी वाढू लागल्या होत्या. साडूंनी फोन लावायला सुरुवात केली: "उगवलं." नातेवाईक संपले, गिऱ्हाइकं संपली, मग लिफ्टमनला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. आयुष्यात कुठल्याही समारंभात टाळी न वाजवलेला मीही पलीकडच्या कोपऱ्यात उभा राहून दिसेल त्या नंबरावर "उगवलं, उगवलं" करत होतो.

तेवढ्यात आतून मेहुणीचाच फोन आला. साडूंनी स्पीकर लावला. थकलेल्या आवाजात ती म्हणाली, "अहो, आता कुनाला तरी भेटायला आणा की. लई दिस झाले मानसं बघून."

साडूंनी खुर्ची काचेजवळ ओढली. "मी हाय की."

"मग बोला काही तरी."

अख्ख्या तालुक्याच्या आजाऱ्यांशी बोललेल्या त्या माणसाने आधी मास्क सारखा केला, मग बाहीने काच पुसली. आणि हळूच विचारलं, "जेवलीस का?"