तितरांची हाक

माळावर तितर ओरडला की मला अजून काकाच आठवतात. सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांनी चौसाळ्याजवळ खडकाळ रान घेतलं, तेव्हा लोक हसले होते. काका म्हणायचे, "पिकाचं कोन बोलतंय? हितं तितर लई हायेत."

मी गावात मास्तर होतो. रविवारी त्यांच्या रानात जायचो. काकांची कारखान्याची सवय सुटली नव्हती. "पहिली पाळी तितरांची, दुसरी सशांची," असं म्हणत ते बंदूक मांडीवर घेऊन बाभळीखाली बसायचे. ओठांत दोन बोटं धरून हुबेहूब तितरासारखं ओरडायचे. पलीकडून उत्तर यायचं, आणि मागोमाग तितरही.

मग दुष्काळ पडला. ऊस नाही म्हणून कारखाना बंद, विहिरी कोरड्या. काकांनी टँकरच्या पाण्यातलं घमेलंभर बांधावर ठेवलं आणि नेहमीसारखी हाक घातली. झुडपात खसखस झाली. काकांनी पुन्हा बोलावलं, तशी ती खसखसही थांबली.

"बंदूक तर घरात आहे," मी म्हणालो.

"बंदुकीला न्हाई, मास्तर. माज्या आवाजाला भेतेत ते."

मला घेऊन ते पत्र्याच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. आत भट्टी पेटल्यासारखं गरम होत होतं. बऱ्याच वेळानं घमेल्याशी पंखांची फडफड ऐकू आली. मी काकांकडे पाहिलं. हाक घालायची तीच दोन बोटं त्यांनी मिटल्या ओठांवर घट्ट दाबून धरली होती.