बत्माकानची निळी पातेली

कारा-तोरमध्ये बत्माकानचं नाव काढा, निम्मं गाव आधी तोंड वाकडं करतं आणि मग तिच्या सूपाच्या आठवणी सांगत बसतं. कोळशाची खाण चालू होती तेव्हा तीस वर्षं तिनं खाणीच्या खानावळीत रांधलं. नवरा गेल्यावर ती येशूच्या नादी लागली आणि मुसलमान गावानं तिला वाळीतच टाकलं म्हणा ना! थोरली नणंद सायराकान भिंतीला भिंत लावून राहते, पण नऊ वर्षांत तिनं भावजयीच्या हातचा चहा घेतला नाही. बत्माकानला याचं फार वाईट वाटायचं. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हे.

खाण बंद पडली. तरणी माणसं पोटामागं रशियाला गेली, म्हातारी आणि आजारी तेवढी मागं उरली. या हिवाळ्यात घरोघरी नुसता चहा आणि पाव. तेव्हा बत्माकाननं राजधानीतल्या मिशनशी भांडभांड भांडून जवाची पोती, तेल आणि झाकणाची निळी पातेली मिळवली. मिशननं तिच्यावर सोपवलेल्या प्रार्थनेच्या घरात जेवायला कुणी पाऊल टाकणार नाही हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून रोज घसरगाडीवर पातेली रचायची, बर्फातून ओढत न्यायची आणि दार वाजवून सूप उंबऱ्यावर ठेवायचं. येशूचं नाव तोंडातून काढायचं नाही. सायराकानच्या उंबऱ्यावरही पातेलं जायचं. फक्त मिशनचा एक नियम ती दारोदार ऐकवायची, "काही द्यायचं नाही हं. घ्यायची मला बंदी आहे."

तिसऱ्या आठवड्यात पातेलीच संपली. गेलेलं एकही परत येईना! नेमका त्याच दिवशी मिशनचा दामीर ट्रक घेऊन आला.

"एजे, विकली लोकांनी बाजारात," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी मारायचा, पण बोलणं सगळं साहेबी.

"विकली म्हणे! माझ्या माणसांना चोर म्हणतोस?"

"मी कुठं म्हणतो? पण वरचा हुकूम आहे. शुक्रवारी येईन. पातेली दिसली नाहीत तर इथल्या वाट्याची पोती खालच्या गावाला जातील."

थंडीचे अजून तीन महिने होते. जव गेला असता तर कासीमअलीसारखे चार-पाच जण वसंत बघणार नव्हते, हे काय कुणी सांगायला हवं? बत्माकाननं डोक्याला शाल गुंडाळली आणि तडक कासीमअलीचंच घर गाठलं. खाणीनं याची छाती खाल्लेली. बोलायला लागला की निम्मं बोलणं खोकल्यातच जायचं.

आत पेटीवर भरतकामाचा रुमाल अंथरलेला आणि त्यावर घासूनपुसून लख्ख केलेली निळी पातेली. लग्नातला आहेर मांडावा तशी!

"अहो, आणून द्यायला काय धाड भरली होती तुम्हाला?" ती कडाडली.

म्हाताऱ्यानं रुमालाची सुरकुती सारखी केली. मग म्हणाला, "रिकामी आणू? माझ्या आईनं शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं धाडलं नाही. मी काय घालू त्यात? खोकला?"

बत्माकान पेटीशेजारी बसली. लाजेनं तिचे कान तापले. भरून आलेलं भांडं भरूनच जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मिशनच्या एका कागदापायी तीच ते विसरली! दारोदार जाऊन तिनं माणसांना सूप दिलं होतं आणि त्याच हातानं भिकारी करून आली होती.

"चुकलं माझं," ती उठत म्हणाली. "शुक्रवारी पातेली घेऊन या. घरात असेल ते घाला. काडी घाला, पण घाला. प्रार्थनेच्या घराच्या अंगणात चूल मांडते, आत यायला नको."

प्रत्येक दारात तिनं हेच सांगितलं. सायराकाननं दारच उघडलं नाही, म्हणून तिथं बंद दारालाच सांगून ती पुढं गेली.

शुक्रवारी अंगणात कढई चढली. दामीर आला. कुणाचाच पत्ता नाही. तो घड्याळाकडे बघायला लागला तशी बत्माकान जास्तच जोरात सूप ढवळायला लागली. 

मग फाटकातून कासीमअली आला. हातात पातेल्यांची चळत, वरच्यात खाणीच्या जुन्या ढिगाऱ्यातून वेचलेला कोळसा. त्याच्यामागून एकीचे दोन कांदे आले, कुणाचे मूठभर सुके जर्दाळू, कुणाचं गाजर.

"एजे, हे घेता येणार नाही! नियम आहे!"

"नियम ठेव तुझ्या खिशात. मी घेणार. चालत नसेल तर ही घे कोठीची किल्ली आणि तूच रांध."

दामीरनं किल्लीकडे पाहिलं. फाटकाबाहेरपर्यंत माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात निळी पातेली. किल्ली काही त्यानं घेतली नाही. ड्रायव्हरला हाक मारली आणि दोघं मिळून ट्रकमधली पोती उतरवू लागले.

सगळ्यांत शेवटी सायराकान आली. फाटकातच थांबली. पातेलं पुढं केलं. आत मीठ होतं.

"आळणी असतं तुझं सूप," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "दवाखान्यातलं बरं."

"तीन आठवडे खाल्लंत की, एजे."

"अन्न टाकवतं का?"

बत्माकाननं त्यातलं मीठ कढईत घातलं, ढवळलं, पातेलं भरून दिलं. "आत चला."

"तुझ्या येशूच्या घरात? नाही यायची." एवढं बोलून सायराकान अंगणातल्या ओंडक्यावर बसली आणि सगळ्या गावासमोर भावजयीच्या हातचं सूप प्यायली. सावकाश, तळापर्यंत. 

तिनं तोंड पुसलं. बत्माकान अजून पळी धरून तिच्यासमोर तशीच उभी.

"उभी काय राहिलीस?" सायराकान खेकसली. "चहा टाक."